विजेटभाऊ

यवतमाळच्या दत्त चौकाकडून एखाद्या गल्लीत शिरा, फ्लेक्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर विजेटभाऊ सापडतोच. त्याचं खरं नाव पाटीवर आहे, पण ते कोणी वाचत नाही. यवतमाळचा दुर्गोत्सव म्हणजे त्याचा सुगीचा हंगाम. एकीकडे देवी बसवायच्या आणि दुसरीकडे मंडळाच्या अध्यक्षांच्या गालावरचे देवीचे वण कोरलड्रॉत पुसायचे, यात त्याची बरीच वर्षं गेली. मग त्याला अ‍ॅडोबी म्यूझ सापडलं. २०१२ सालचं हे सॉफ्टवेअर त्याच्यासाठीच काढलं असावं. कोड लिहायचा नाही. विजेट नावाचा चौकोन उचलायचा, पानावर सोडायचा, झाली वेबसाईट!

"वेबसाईट हालली पायजे भाऊ. जे हालत नाही ते मढं," हा त्याचा सिद्धांत. हलण्याचा उपाय म्हणजे फीड. फेसबुकवर जे टाकाल ते आपोआप वेबसाईटवर येणार. तुम्ही त्याला पत्ता टाकायला सांगा, दरपत्रक टाकायला सांगा, तो मान डोलावतो आणि फीड बसवून देतो. गावात पाव्हण्याला न विचारता चहा देतात, तसं.

एका मंगल कार्यालयाच्या मालकाला हॉलचे फोटो दाखवायचे होते. भाऊने त्याचं फेसबुकचं पानच जोडून दिलं. मालक पडला समाजसेवक. तालुक्यात कोणी गेलं की पहिली पोस्ट त्याची. झालं असं, की वर सनई-चौघडा, मधे 'शुभमंगल सावधान' आणि खाली ओळीने तीन हार घातलेले फोटो, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. दारव्ह्याहून आलेल्या मुलीकडच्यांनी मोबाईल खिशात घातला आणि चहा न घेता उठले. मालक पोटमाळ्याचा जिना धापा टाकत चढला.

"काय लावून ठेवलं बे हे?"

"फीड लाइव्ह हाय ना मालक!"

"फीड लाइव्ह हाय. अन् त्यातले माणसं?"

भाऊने शांतपणे त्याला दुसरं विजेट दाखवलं. यात फोटो गोल यायचे.

अ‍ॅडोबीने २०१८ साली म्यूझ गुंडाळायचं जाहीर केलं आणि २६ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशी, उरलीसुरली मदतही थांबवली. सारा देश घरात बसला होता, त्यामुळे भाऊचं सुतक कोणाला कळलं नाही. बाहेर आला तो वर्डप्रेस आणि एलिमेंटर शिकूनच. "आता विजेट नाही म्हनाचं, प्लगइन म्हनाचं," असं सांगून त्याने दर वाढवला.

इन्स्टाग्रामच्या फीडला मात्र एक चावी लागते. तिला टोकन म्हणतात आणि वेळेवर नवी केली नाही तर ती ६० दिवसांत मरते. भाऊ नेमका तेव्हाच लग्नाला गेलेला असतो. राळेगावच्या एका कृषी केंद्रवाल्याला त्याने फोनवर सांगितलं, "शेठ, टोकन संपलं." तो बिचारा घाबरला. म्हणाला, "अरे, मी तं कापूस अजून नेलाच नाही!"

आता माझंच सांगतो. आमच्या वाचनालयाच्या वेबसाईटवर मला एकच ओळ हवी होती, उघडण्याची वेळ. भाऊने इन्स्टाग्रामचं फीड बसवलं, तेही माझ्या खासगी खात्याचं. वर्षभर वाचकांना ग्रंथसंपदेच्या जागी आमच्या सौंच्या गच्चीवरची सांडगी मिरची दिसली. लाइक मात्र बरे यायचे. मग ४ डिसेंबर २०२४ रोजी मेटाने खासगी खात्यांतले फोटो असे बाहेर नेण्याची जुनी वाट बंद केली आणि मिरचीही गेली.

सध्या तिथे तीन राखाडी चौकोन आहेत आणि खाली 'आमच्याशी जोडलेले राहा' अशी ओळ आहे. वाचनालय सकाळी आठला उघडतं. वेबसाईटवर ते अजून आलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.