फाशीपुरता विश्वास

सिहोऱ्याच्या बाजारातल्या पानठेल्यावर रोज संध्याकाळी जे खंडपीठ बसतं, त्याच्याकडे एकही खटला प्रलंबित नाही. मोबाइलवर गुन्ह्याची बातमी आली, की कायद्याने बंदी असलेला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता कायदा कडक करण्याची मागणी होते आणि खर्रा पन्नीत बांधून होण्याआधी निकाल लागतो. ‘कायले पोसाचं जी तुरुंगात? लटकवून टाका!’ निकाल नेहमी एकमताचा.

या खंडपीठाचं सरकारविषयी मत तसं बरं नाही. एकाच्या सातबाऱ्यावर बापाच्या जागी काकाचं नाव चढलंय, तो तहसिलीत चपला झिजवतोय. दुसऱ्याच्या धानाचे चुकारे अडलेत. तिसऱ्याच्या कुलूपबंद घराला असं वीजबिल येतं, जणू आत राईस मिल चालते. पंचनाम्याविषयी तर बोलायलाच नको. पंच म्हणून कोऱ्या कागदावर सही करून आलेले दोघे त्याच बाकावर बसलेले असतात. पण हेच सरकार ‘खुनी सापडला’ म्हणालं, की सगळ्यांच्या माना डोलतात. धान मोजताना चुकणारं सरकार माणूस ओळखताना चुकत नाही, अशी इकडे ठाम श्रद्धा आहे.

या श्रद्धेला जालना जिल्ह्याने जरा तडा दिला. 2003 साली भोकरदनजवळच्या एका शेतवस्तीवर पाच जणांची हत्या झाली. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा जण पकडले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांना जन्मठेपेवर आणलं, पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला एवढंही औदार्य खपलं नाही. त्या तिघांची फाशी परत आली. मग 2019 च्या मार्चमध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कागद वाचले आणि सहाही जण निर्दोष सुटले. हल्ल्यातून वाचलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून भलत्याच चौघांना ओळखलं होतं, तो धागा कुणी धरलाच नव्हता. सहातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. तुरुंगातली वर्षं सोळा, भरपाई माणशी 5 लाख रुपये. पानठेल्याच्या वेगाने काम झालं असतं, तर ही रक्कम कुणाच्या खात्यात टाकायची आणि खातेदाराचा हयातीचा दाखला कुठून आणायचा, हा मोठाच प्रशासकीय पेच पडला असता.

‘निरपराध्याचं सोडा जी, खऱ्या गुन्हेगाराचं काय?’ घेऊ की खरे. लहान मुलांना पळवून मारणाऱ्या कोल्हापूरच्या गावित बहिणींचा कळवळा कुणाला नाही, मलाही नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये त्यांची फाशी कायम केली. पुढे दयेच्या अर्जाची फाईल मुंबई-दिल्ली फिरत राहिली. अर्ज नामंजूर झाला, पण तोवर 7 वर्षं 10 महिने उलटले होते, आणि या दिरंगाईवर बोट ठेवून 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. राष्ट्रपतींनी नाकारलेली दया शेवटी फायलीने दाखवली. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनच्या वेळी, 2015 मध्ये, याच देशात पहाटे तीनला सर्वोच्च न्यायालय उघडलं आणि त्याच सकाळी नागपूरच्या तुरुंगात फाशी झाली. म्हणजे मनावर घेतलं तर कागद पळतो. कुणाचा पळतो आणि कुणाचा कपाटात झोपतो, हे मात्र कायद्यात लिहिलेलं नाही.

आणि आमच्याच भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी? 29 सप्टेंबर 2006 रोजी मोहाडी तालुक्यातल्या या गावात सुरेखा, प्रियांका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांना जमावाने ठार मारलं. तपासातल्या हलगर्जीपणाबद्दल पोलिसांना निलंबित करावं लागलं. 2008 मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. ‘फाशी’ हा शब्द एवढा मोठा निघाला, की अ‍ॅट्रॉसिटीचं कलम निकालात टिकलंच नाही, हे पाहायला चष्मा लागत होता. चार दलित माणसं मेली, जात तेवढी निर्दोष सुटली. 2010 मध्ये नागपूर खंडपीठाने हे प्रकरण दुर्मिळातलं दुर्मीळ नाही असं ठरवून फाशीच्या जागी 25 वर्षांची सक्तमजुरी दिली. भोकरदनचे पाच खून 2009 मध्ये दुर्मिळात दुर्मीळ होते, खैरलांजीचे चार 2010 मध्ये नव्हते. 1980 च्या बच्चनसिंग निकालातलं ‘दुर्मिळातलं दुर्मीळ असेल तरच फाशी’ हे माप कुणाला कधी लागू पडेल, याचा नेम नाही.

मला खैरलांजीच्या त्या सहा जणांना फासावर पाहायचं नव्हतं. पण जातीचं नाव घ्यायचं टळतं म्हणून दोर दाखवायचा, आणि पुढे तो गुपचूप गुंडाळायचा, हा सौदा भलताच स्वस्तात पडला. सुरेखाचे पती भैयालाल भोतमांगे 2017 च्या जानेवारीत गेले, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची वाट पाहतच.

ठाण्यात तक्रार वेळेवर घेणं, शवविच्छेदन नीट करणं, साक्षीदार सांभाळणं, गरीब आरोपीला धड वकील देणं, या सगळ्याला माणसं आणि पैसा लागतो. फाशीच्या घोषणेला फक्त माइक लागतो. 2021 च्या डिसेंबरमध्ये आमच्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यात बलात्कारासाठीही फाशी घातली आणि ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी दिल्लीला पाठवलं. पानठेल्यावर त्या दिवशी समाधान होतं. विधेयकाला संमती काही मिळाली नाही, पण त्याविषयी तिथे अजून कुणी विचारलेलं नाही. तोवर नवी बातमी आली होती.