पेन्सिलीचे दिवस

फुटबॉलच्या विश्वचषकाचं वेळापत्रक वर्तमानपत्राबरोबर आलं की आमच्याकडे ते फ्रिजवर लागतं. वर गॅसवाल्याचा नंबर छापलेलं चुंबक, खाली कुठल्याशा गणपतीचं. मधे गटवार चौकोन: सामने, विजय, बरोबरी, पराभव, गोलफरक, गुण. २०१८ च्या जूनमध्ये हे चौकोन भरायला घेतले तेव्हा माझ्या हातात बॉलपेन होतं. मागून आवाज आला, "पेन ठेव खाली. साखळीत पेन चालत नाही. शिसपेन्सिल घे."

आवाज मामांचा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते कोल्हापूरहून आमच्याकडे पुण्याला आले होते. मामा म्हणजे जन्मभर बँकेत खतावण्या जुळवलेला माणूस, आणि वर शिवाजी पेठेतला. कोल्हापूरच्या पेठा ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: तिथे फुटबॉलचे संघ तालमींचे असतात. कुस्तीच्या तालमीचं नाव छातीवर लावून पोरं शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात, आणि विश्वचषकाच्या महिन्यात एका गल्लीवर अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, दुसरीवर ब्राझीलचे. मामा अर्जेंटिनाचे. का, असं विचारायचं नाही. आडनाव मिळतं तसा हा पक्ष मिळतो.

डोळ्यावर काळा चष्मा होता आणि टीव्हीवर मामींची बंदी होती. "ऐकायचं तेवढं ऐका. बघताना दिसलासा तर मी बंदच करतो," मामी म्हणाल्या. (कोल्हापुरात बायकाही 'करतो'च म्हणतात. धमकीला तर ते फारच शोभतं.) त्यामुळे मामा टीव्हीकडे पाठ करून बसायचे. मी बघायचो, ते हिशेब करायचे. महिनाभर असं चाललं आणि माझं मत बनलं की साखळी फेरी बघायची रीत हीच. बाद फेरीला डोळे लागतात, साखळीला बोटं.

बाद फेरीबद्दल मला आदर आहे, पण जवळीक नाही. हरला तो घरी, इतका सरळ न्याय आमच्या आयुष्यात कुणी लावला असता तर आम्ही चौथीतच घरी बसलो असतो. साखळी म्हणजे कशी, चार बिऱ्हाडांची चाळ. प्रत्येकाचे तीन सामने. जिंकलात तर ३ गुण, बरोबरी झाली तर १. हरलात तरी दुसऱ्या दिवशी त्याच नळावर पाणी भरायला यायचंय. २०१० मध्ये स्पेन पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून हरलं आणि पुढे विश्वविजेतं झालं. त्याच स्पर्धेत न्यूझीलंडने तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, गतविजेत्या इटलीलाही हात टेकायला लावले, आणि गटात तिसरं येऊन घरी गेलं. अख्ख्या स्पर्धेत न हरलेला तो एकमेव संघ. आपल्याकडे 'कसं काय?' या प्रश्नाला 'निभावतंय' असं उत्तर देणारी जी माणसं असतात, त्यांचा हा संघ. मला त्यांच्याविषयी फार वाटतं.

तर त्या जूनचा शेवटचा आठवडा. २६ तारखेला रात्री साडेअकराला अर्जेंटिना विरुद्ध नायजेरिया. अर्जेंटिनाची आइसलंडशी बरोबरी झालेली, क्रोएशियाकडून ०-३ मार बसलेला. मामींना झोप लागलेली. ८६ व्या मिनिटाला रोहोने गोल मारला तेव्हा मामा पाठ करून बसले होते असं मी शपथेवर सांगू शकणार नाही. २-१. चार गुणांवर अर्जेंटिना पुढे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गतविजेता जर्मनी दक्षिण कोरियाकडून ०-२ हरून गटात शेवटचा आला, आणि मी पेन्सिलीने लिहिलेलं सगळं खोडरबराने पुसलं. मामा काही बोलले नाहीत. फक्त हसले.

पण खरी गंमत २८ तारखेची. संध्याकाळी साडेसातला एकाच वेळी दोन सामने. वोल्गोग्रादला जपान आणि पोलंड, समाराला सेनेगल आणि कोलंबिया. टीव्हीवर एक, मोबाइलवर एक. मामी भाजी निवडत बसलेल्या. "दोन्ही एकदम कशाला लावत्यात? एकापाठोपाठ एक लावाय नको?" त्यांनी विचारलं.

मामांना हेच हवं होतं. १९८२ चं स्पेन, हिहोन गाव. अल्जेरियाने पहिल्याच सामन्यात पश्चिम जर्मनीला २-१ ने हरवलेलं. अल्जेरियाचे तीनही सामने उरकले, आणि दुसऱ्या दिवशी पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर. हिशेब असा की जर्मनी एका किंवा दोन गोलांनी जिंकली तर दोघेही पुढे, अल्जेरिया बाहेर. दहाव्या मिनिटाला ह्रुबेशने गोल केला. मग ऐंशी मिनिटं चेंडू इकडून तिकडे, तिकडून इकडे, वाढदिवसाला पार्सल-पार्सल खेळतात तसा. अल्जेरियाचे प्रेक्षक नोटा हलवून दाखवत होते. ऑस्ट्रियाच्या समालोचकाने लोकांना टीव्ही बंद करायला सांगितलं. हिहोनच्या स्थानिक वर्तमानपत्राने सामन्याची बातमी गुन्हेगारीच्या पानावर छापली. नियम मात्र एकही मोडला नव्हता, त्यामुळे निकाल कायम राहिला. १९८६ च्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात. दहावीचा पेपर सगळ्या केंद्रांवर एकदम सुरू होतो तसे.

"आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत हेच झालंतं," मामी म्हणाल्या. पण ती कथा वेगळी आहे.

इकडे पोलंडने ५९ व्या मिनिटाला गोल केला आणि तिकडे ७४ व्या मिनिटाला कोलंबियाच्या मिनाने. जपान आणि सेनेगल दोघेही ०-१ ने मागे. मामांची बोटं चालायला लागली. "गुण?" दोघांचे ४. "गोलफरक?" दोघांचा शून्य. "गोल किती मारले?" दोघांनी ४. "एकमेकांशी?" २-२. मामांची बोटं संपली. मग मीच नियमावलीतलं पुढचं कलम सांगितलं: शिस्त. कुणाला किती पिवळी कार्डं. जपानला चार, सेनेगलला सहा. जपान पुढे!

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे वर्तणुकीच्या मार्कावर पास?"

अगदी तेच. विश्वचषकात असं पहिल्यांदाच घडत होतं. आमच्या प्रगतिपुस्तकात सगळ्यात खाली 'वर्तन' नावाची ओळ असायची, तिथे बाई 'समाधानकारक' लिहायच्या. त्या ओळीने कुणाचं काही भलं झाल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. आता चार वर्षांची मेहनत, प्रशिक्षक, डॉक्टर, विमानं, सगळं बाजूला राहिलं आणि त्या शेवटच्या ओळीने एक देश पुढे चालला होता.

आणि मग जपानने खेळायचंच सोडलं. ०-१ ने हरत असताना! गोल करायला पुढे गेलं तर मागे भोक पडेल, धसमुसळेपणा झाला तर कार्ड मिळेल. पोलंड आधीच बाहेर पडलेलं, जाता जाता एक विजय पदरात पडतोय म्हणून तेही खूश. शेवटची दहा मिनिटं जपानी बचावपटू आपापसात चेंडू फिरवत राहिले. पाठ करून बसलेल्या मामांना फक्त प्रेक्षकांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हंजे?"

"मामा, खरंच काही नाही. उभे आहेत."

मामींनी भाजी खाली ठेवून पडद्याकडे बघितलं. "हरत्यात न्हवं हे?" हो. "मग पळत का न्हाईत?" हरायचंच आहे त्यांना, पण एवढंच. याहून जास्त नाही. मामींनी माझ्याकडे असं पाहिलं, की डोळ्याच्या डॉक्टरकडे मलाच न्यायला हवं होतं.

जपानच्या त्या दहा मिनिटांना पुष्कळांनी नावं ठेवली. मी ठेवत नाही. पण मला त्यातली जोखीम ऐन वेळी कळली नव्हती, मामांना कळली. ते म्हणाले, "ह्यांनी आपला जीव शेजाऱ्याच्या हातात दिला की रे." तिकडे समारात सेनेगलने एक, फक्त एक गोल केला असता, तर वोल्गोग्रादला उभी असलेली ही सभ्य माणसं उभ्याउभ्याच घरी गेली असती. प्रशिक्षक निशिनो यांनी आपला सामना जिंकायचा प्रयत्न सोडून दुसऱ्या गावातल्या सामन्यावर पैज लावली होती. सेनेगलला गोल झाला नाही. पुढच्या फेरीत जपानने बेल्जियमवर दोन गोलांची आघाडी घेतली आणि सामना २-३ ने घालवला. "वर्तणुकीवर वर चढवल्यालं पोरगं," मामा म्हणाले, "वरच्या वर्गात असंच गटांगळ्या खातं."

यापेक्षा जुनी रीत चिठ्ठ्यांची. १९९० साली आयर्लंड आणि नेदरलँड्स यांचं सगळं इतकं सारखं झालं की कोण दुसरा आणि कोण तिसरा हे चिठ्ठी टाकून ठरवावं लागलं. पुढे दोघेही जाणार होते, कारण तेव्हा काही तिसऱ्यांनाही वर घेत. चिठ्ठीने आयर्लंडला रुमानिया दिलं आणि नेदरलँड्सला पश्चिम जर्मनी. आयर्लंड पेनल्टीवर जिंकलं. नेदरलँड्स हरलं, आणि जर्मनी पुढे विश्वविजेती झाली. भिशीत पहिला नंबर कुणाचा हे ठरवायची पद्धत आम्हीही हीच ठेवली आहे. तक्रार कुणाची नसते, निदान तोंडावर.

२०२२ मध्ये मात्र कंपासपेटीच काढायची वेळ आली. जपान आणि स्पेनच्या सामन्यात मितोमाने गोलरेषेबाहेर जाता जाता चेंडू आत ओढला आणि तनाकाने गोल केला. तपासणीत चेंडूचा १.८८ मिलिमीटर भाग रेषेवर राहिलेला निघाला. तेवढ्या सुताभराने जपान गटात पहिलं आलं आणि तिकडे कोस्टा रिकाला ४-२ ने हरवूनही जर्मनी बाहेर गेली. मी हे मामांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या बांधाची मोजणी एवढ्या नीट झाली असती तर तीस वर्षं कोर्टात गेली नसती."

२०२६ पासून तर विश्वचषकात ४८ संघ. बारा गट. प्रत्येकातले पहिले दोन पुढे, आणि बारा तिसऱ्यांपैकी बरे आठसुद्धा. यालाच आम्ही कॉलेजात एटीकेटी म्हणत असू. कुठल्या आठ गटांतले तिसरे वर येतील याच्या ४९५ शक्यता आहेत, आणि कुठला तिसरा कुणाशी भिडेल याचं ४९५ ओळींचं कोष्टक फिफाने करून ठेवलंय. मामांना हे कळल्यापासून त्यांना ते कोष्टक छापील हवं आहे. मोबाइलवर नको, कागदावर.

आपलं काय, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. विश्वचषकाच्या गटात भारताचं नाव एकदाच आलं, १९५० साली. इटली, स्वीडन आणि पराग्वेबरोबर. आपण गेलोच नाही, त्यामुळे तो गट तिघांचाच झाला. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात यजमान म्हणून खेळलो, त्यात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या महिन्यात मामांना अर्जेंटिना आठवलंसुद्धा नाही.

आणि मग २०१९ चा आशिया चषक. पहिल्या सामन्यात आपण थायलंडला ४-१ ने हरवलं. छेत्रीचे दोन गोल. आशिया चषकात १९६४ नंतरचा हा आपला पहिला विजय. मग यूएईकडून ०-२. शेवटचा सामना १४ जानेवारीला, संक्रांतीच्या तोंडावर, शारजाला बहरीनशी. या स्पर्धेची पुरवणी कुठल्याच वर्तमानपत्राने दिली नव्हती, म्हणून सरलेल्या डिसेंबरच्या कॅलेंडरच्या पानामागे मी स्वतः चौकोन आखले होते. मामा कोल्हापुरात, नवीन भिंग बसवलेल्या डोळ्यांनी बघत होते. फोन चालूच ठेवलेला. बरोबरी पुरणार होती. तिकडे यूएई आणि थायलंड १-१. इकडे ०-०. म्हणजे आपले ४ गुण, थायलंडचेही ४, पण थायलंडला आपण हरवलेलं, म्हणून आपण दुसरे. सगळं जुळत होतं. नव्वद मिनिटं भरत आली तशी मी उठलो, टेबलावर जे हाताला लागलं ते उचललं आणि भारतापुढे ठळक ४ काढला.

जादा वेळेच्या पहिल्याच मिनिटाला पेनल्टी. ०-१. दुसऱ्यावरून थेट चौथे.

फोनवर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मामांनी हळूच विचारलं, "पेनानं लिवलंतंस?"

"हो."

ते पान अजून आहे. गिरवून गिरवून ४ चा ३ केला आहे, पण उजेडाला धरलं की खालचा ४ दिसतो.