बॅटरीविना लॅपटॉप, भरवशाविना लाईट

जालन्यात सळयांसाठी पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्या वीज पितात; उरल्यासुरल्या विजेवर बिनबॅटरीचा लॅपटॉप तगतो. बॅटरी फुगून टचपॅड वर ढकलू लागली, तेव्हा दुकानदाराने ती काढली. "आता डायरेक्ट लाईटीवर चालवा."

चालतोही. अडॅप्टर २३० व्होल्टचे साधारण १९ व्होल्ट करून देतो. जुन्या काही मॅकबुकना मात्र हे रुचत नसे; बॅटरी काढली की अ‍ॅपलच्याच योजनेनुसार त्यांचा प्रोसेसर मंदावे, कारण भार वाढला तर एकटा अडॅप्टर पुरा पडेलच असं नाही.

जालना जिल्ह्यातल्या परतूर-मंठ्याकडे एवढी काळजी लाईट थोडीच घेते! ती डोळा मिचकावते, पंखा फिरतच राहतो आणि पीकविम्याचा अर्ज 'सबमिट'च्या उंबरठ्यावर गुडूप होतो.

मग इन्व्हर्टर येतो. लॅपटॉप मांडीवर, बॅटरी पलंगाखाली, डिस्टिल्ड वॉटर पीत.