चाकांवरील घराकरिता जमीन घेण्याचे शास्त्र

ज्या गृहस्थास सेवानिवृत्तीनंतर शय्या, शेगडी आणि शौचकूप यांसह धावणारी कॅराव्हॅन खरेदी करण्याची बुद्धी झाली आहे, आणि ती दिवाळीपासून मृगापर्यंत उभी करण्याकरिता कोकणात स्वतःच्या मालकीची, निर्मनुष्य व समुद्र दिसेल अशी जागा असावी अशी ज्याची मनीषा आहे, त्याच्या मार्गदर्शनार्थ हे नियम सिद्ध केले आहेत. 2021 साली राज्यशासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आणि त्याचा पहिला परिणाम आमच्या साडूंवर झाला, एवढाच काय तो माझा या शास्त्रातील अधिकार.

प्रथम आपण शेतकरी आहोत काय, याचा शोध घ्यावा. 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 अन्वये बिगरशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. उभा जन्म बँकेच्या खातेवह्यांत काढलेल्या साडूंनी यास्तव आपल्या वडिलार्जित गावी जाऊन जुने उतारे धुंडाळले. तेथे त्यांचे नाव निघाले खरे, परंतु हे हिस्सा मागावयास आले असावेत अशा समजुतीने चुलतभावांनी त्यांचे असे काही आदरातिथ्य केले की, इतक्या वर्षांचा अबोला संपला.

दुसरा नियम सातबाऱ्याचा, आणि तो विस्ताराने सांगणे प्राप्त आहे. भोगवटादार वर्ग 2 असे लिहिलेले दिसले तर, सक्षम अधिकाऱ्याची परवानगी मिळेपर्यंत, इसार देऊ नये. इतर हक्काच्या सदरी कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा किंवा विहिरीतील हिस्सा दडलेला असतो. फेरफार तर आरंभापासून वाचावेत. परंतु खरे अरण्य भोगवटादारांच्या सदरातच आहे. कोकणातील सामाईक सातबाऱ्यावर जे हयात आहेत, जे हयात नाहीत, जे लालबागला आहेत आणि ज्या बहिणी लग्न होऊन बडोद्यास गेल्या आहेत, असे सर्व जण गुण्यागोविंदाने नांदत असतात. त्यांपैकी प्रत्येकाची किंवा वारसांची सही लागते, आणि जो शेवटी सही करतो तो भाव ठरवतो. एकांताकरिता जमीन शोधणारे आमचे साडू या सह्यांपायी गिरगाव, डोंबिवली आणि बदलापूर पालथे घालून आले. प्रत्येक घरी चहा झाला, नाते निघाले. आता त्या सातबाऱ्यावरील लग्नकार्यांची आमंत्रणे त्यांना येतात आणि ते आहेर घेऊन जातातही. जमीन अर्थातच मिळाली नाही.

‘गाडीरस्ता आहे’ असे मध्यस्थाने सांगितल्यास कोणती गाडी, ते विचारावे. त्याच्या मनात बहुधा बैलगाडी असते, आणि कित्येकदा तीही नसून जांभ्या दगडाची पायऱ्यापायऱ्यांची पाखाडी असते. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवल्यास 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते हे सत्य. पण मुळात नसलेला रस्ता कोण अडवणार? सबब वाट खरेदीखतातच लिहून घ्यावी. पाहणीस जाताना गाडीच्या उंचीचा एक बांबू बरोबर न्यावा आणि फणसाच्या फांद्या व विजेच्या तारा यांखालून तो उभा धरून चालावे. गावकरी हसतात. हसू द्यावे.

शासकीय मोजणी इसारापूर्वी करून घ्यावी. गडग्यावर विश्वासू नये.

‘चाके आहेत, म्हणजे बांधकाम नव्हे’ हा सिद्धान्त साडूंनी स्वतः शोधून काढला असून तो त्यांना फार प्रिय आहे. परंतु चाकांखाली काँक्रीटचा ओटा आला, शेजारी शोषखड्डा आला, विजेचा खांब आला, की अकृषिक परवानगीचा प्रश्न तलाठ्यास सुचल्यावाचून राहत नाही. शिवाय 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे पाच गुंठे मागावयास गेलेल्यास पाचच गुंठे मिळतील असेही नाही.

जमीन मात्र पाहावी ती आषाढात. मार्गशीर्षात कोकणातील कोणतीही जमीन सुंदरच दिसते. तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस जेथे पडतो तेथे पाणी कोणत्या अंगाने वाहते आणि लाल माती चाक कोठवर गिळते, हे भर पावसात उभे राहिल्यावाचून कळत नाही. कातळ भक्कम खरा, पण त्यावर विहिरीस पाणी लागणे कठीण. पावसाळ्यात गाडी ठेवताना बॅटरीची तार सोडावी, नाहीतर उरलेल्या तारा उंदीर सोडवतात.

राखणदारास नारळ द्यावा. यावर चर्चा नको.

हे सर्व नियम पाळूनही जमीन मिळेपर्यंत गाडी ठेवायची कोठे, याविषयी शास्त्र मौन पाळते. साडूंची गाडी दोन हंगाम माझ्या अंगणात उभी आहे. तुळशीवर ऊन येत नाही, माझी स्कूटर गल्लीत असते, आणि साडू संध्याकाळी दाराशी घडीची खुर्ची टाकून ‘या, बसा’ म्हणून माझ्याच अंगणात माझे स्वागत करतात. आल्याचा चहा मात्र त्या शेगडीवर ते असा करतात की, नाही म्हणवत नाही.

तरी दापोली किंवा गुहागर तालुक्यात, एकाच हयात मालकाची, वर्ग 1 ची, निर्वेध आणि गाडी जाईल अशी जमीन कोणा वाचकाजवळ असल्यास त्याने कृपया मला कळवावे. साडूंना परस्पर कळवू नये. ते प्रथम मालकाशी नाते काढतील आणि मग भावाचे बोलणे राहून जाईल.