व्हर्जनकाका

जुन्या सोसायटीत एक तरी व्हर्जनकाका असतातच. बँकेतून निवृत्त, गुडघे कुरकुरणारे, आणि शोकेसमध्ये मुलांच्या ढाली हटवून मांडलेल्या कॅसेटी. गाणी रफी, किशोर, मुकेश यांची. पण त्यांच्यापैकी कुणीच गायलेली नाहीत.

काकांच्या तरुणपणी एचएमव्हीची कॅसेट म्हणजे महिनाअखेरीला चैन होती. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजनं १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली सोय हेरली. मालकाला नोटीस द्यायची, रॉयल्टी भरायची आणि तेच गाणं दुसऱ्या गळ्यातून काढायचं; हेच 'व्हर्जन'. रफीच्या जागी सोनू निगम, किशोरच्या जागी कुमार सानू, मुकेशच्या जागी बबला मेहता उभे राहिले. कॅसेट स्वस्त झाली आणि काका रसिक झाले.

काकांचा खरा जीव कव्हरांवर. गुलाबी आभाळ, निळे गुलाब, आणि कोपऱ्यात ओळखीचा वाटणारा पण नेमका कुणाचाच नसलेला चेहरा. मूळ गायकाचं नाव हातभर, प्रत्यक्ष गाणाऱ्याचं मुंगीच्या पावलाएवढं. ते वाचण्यासाठी काकांनी भिंग ठेवलंय. "फसवणूक नाही हो, नाव छापलंय की!" असं ते अभिमानानं सांगतात.

नातीनं मोबाइलवर मूळ गाणं लावलं, तर काका अस्वस्थ होतात. "रफीसाहेब बरे गायलेत, पण झंकार कुठाय?" कडव्याच्या मध्येच खट्‌ आवाज होऊन साइड संपत नाही, हीही त्यांना मूळ गाण्यातली उणीवच वाटते.

काकूंनी कधी "डुप्लिकेट" म्हटलं, की ते उसळतात. "डुप्लिकेट नव्हे, व्हर्जन!"

"बरं," काकू पान वाढतात, "मग आज पनीरचं व्हर्जन केलंय. दुधी आहे."

२०१२ च्या कायदादुरुस्तीचा काकांना मनस्वी राग आहे. आता व्हर्जन काढायला पाच वर्षं थांबायचं, कव्हरवर आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र नको, वर 'हे कव्हर व्हर्जन आहे' असं स्वच्छ छापायचं. "मग चित्रकारानं करायचं काय?" हा त्यांचा सवाल. फसवायचं नसेल तर कव्हरला रंग कशाला, असा त्यांचा साधा हिशेब आहे.

काकांना हसा, पण बेतानं. ज्या घरांना अस्सल परवडत नव्हतं, तिथं जुनी गाणी या नकलेनंच पोचवली. आणि नक्कल करता करता सोनू निगम, कुमार सानू स्वतःच अस्सल होऊन बसले. आता गावोगावी पोरं त्यांची नक्कल करतात. काका त्यातली बरीच गाणी ऐकतात, दादही देतात. तक्रार एकच: मोबाइलवरच्या गाण्याला भिंग लावायला कव्हर नाही.