तो हवालदार पाहिलात?

चित्रपटाचे तिकीट काढले की त्यातील अभिनयावर निकाल देण्याचा अधिकार आपोआप प्राप्त होतो, ही मराठी प्रेक्षकाची श्रद्धा इतकी दृढ आहे की मध्यंतरात बटाटवड्याच्या रांगेत आणि खेळ सुटल्यावर पार्किंगच्या उतारावर असे निकाल रोज शेकड्यांनी लागतात आणि त्यांविरुद्ध अपील कुठेही चालत नाही. या न्यायाधीशांचे मुख्य प्रकार वाचकांच्या परिचयाचे असल्याने त्यांचा नुसता उल्लेख पुरे. पहिला प्रकार व्यापारी. नटाने काय केले यापेक्षा चित्रपटाने पहिल्या शनिवार-रविवारी किती कोटी केले, हे त्याला तोंडपाठ असते. दुसरा तुलनावादी; २०१६ च्या जानेवारीत ‘नटसम्राट’ पडद्यावर आला तेव्हा नाना पाटेकरांकडे पाहत ज्याने १९७० सालच्या नाटकातल्या डॉ. श्रीराम लागूंसाठी सुस्कारे टाकले, आणि ते नाटक रंगभूमीवर आले तेव्हा जो स्वतः पाळण्यात होता, तो या वर्गातला. तिसरा ग्रंथप्रामाण्यवादी, ‘छावा’ पाहून बाहेर पडताना, शिवाजी सावंतांची कादंबरी आपण नववीतच वाचून काढली होती, हे तो लिफ्टमधल्या अनोळखी माणसांनाही सांगतो.

चौथ्या प्रकाराचा अभ्यास मात्र अद्याप व्हावा तसा झालेला नाही, जरी प्रत्येक गृहसंकुलात त्याचा एक तरी नमुना आढळतोच. या प्रकाराला ‘उपपात्रनिष्ठ’ म्हणता येईल. म्हणजे नायक, नायिका आणि खलनायक या तिघांनाही ओलांडून, ज्याच्या वाट्याला एकच वाक्य किंवा तेही नाही अशा पात्रावर अढळ निष्ठा ठेवणारा प्रेक्षक. त्याला मत विचारावे लागत नाही. इतरांची मते संपण्याची वाट पाहून तो ठरलेले वाक्य उच्चारतो : “ते सगळं ठीक आहे हो, पण तो हवालदार पाहिलात?”

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : शरीराने होतो तो आंगिक, वाणीने होतो तो वाचिक, वेशभूषा-रंगभूषेने होतो तो आहार्य आणि अंतःकरणातील भाव अश्रू, रोमांच, कंप यांतून प्रकट होतो तो सात्त्विक. सर्वसाधारण प्रेक्षकाची समीक्षा यांतील आहार्याच्या पलीकडे सहसा जात नाही. दाढी खरी वाटली की अभिनय उत्तम आणि विग कळला की अभिनय सुमार, असा त्याचा सोपा हिशेब असतो. उपपात्रनिष्ठाची गोष्ट निराळी आहे. ज्याला संवाद नाही त्याच्याकडे वाचिक नाही, ज्याला दिग्दर्शकाने हलू नकोस असे बजावले आहे त्याच्याकडे आंगिक नाही, गणवेश भाड्याचा असल्याने आहार्यही त्याचे स्वतःचे नाही. तेव्हा त्याच्याकडे जे काही उरते ते शुद्ध सात्त्विकच असले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद असून तो तर्कदृष्ट्या खोडणे अवघड आहे. नाट्यशास्त्रात ‘मानुषी सिद्धी’ अशीही एक कल्पना आहे. प्रेक्षकांचे स्मित, हास्य, वाहवा यांवरून प्रयोगाच्या यशाचे माप घेणे, असा तिचा अर्थ. सारे प्रेक्षागृह डोळे पुसत असताना एकाच खुर्चीतून “वा!” असा उद्गार यावा आणि तो पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सलाईनची बाटली धरून उभ्या असलेल्या वॉर्डबॉयला उद्देशून असावा, या शक्यतेचा विचार मात्र भरताने केलेला दिसत नाही.

या प्रकाराचा सर्वांत परिपूर्ण नमुना डोंबिवलीत वास्तव्यास आहे. प्रस्तुत गृहस्थ एका बँकेतून रोखपाल म्हणून निवृत्त झाले असून महिन्यातून दोनदा, दुपारच्या स्वस्त खेळाला, सपत्नीक चित्रपट पाहतात. त्यांच्या परिभाषेत ‘हवालदार’ ही जात आहे, व्यक्ती नव्हे. वेटर, नर्स, चोपदार, रिक्षावाला, लग्नातला भटजी आणि ‘साहेब, फोन’ एवढेच म्हणून जाणारा शिपाई या सर्वांचा तीत समावेश होतो. ‘छावा’च्या मध्यंतरात विकी कौशलच्या आवेशाने भारावलेल्या शेजाऱ्यांनी अक्षय खन्नाच्या औरंगजेबाविषयी त्यांचे मत विचारले असता, “बरं केलंय त्यानं; पण दरबारात डावीकडून तिसरा उभा आहे त्याची मान पाहिलीत? बादशहा बोलतोय आणि हा श्वाससुद्धा घेत नाहीये. याला म्हणतात दहशत! दहशत बादशहाच्या तोंडावर नसते, हवालदाराच्या मानेत असते,” असे उत्तर त्यांनी दिले. ‘दशावतार’मध्ये एक्क्याऐंशी वर्षांच्या दिलीप प्रभावळकरांना पाहून महिला मंडळ सद्गदित झालेले असताना त्यांचे सर्व लक्ष खेळाच्या मागे साथीला बसलेल्या पखवाजवाल्याकडे लागलेले होते. तोही अर्थात हवालदारच.

या निष्ठेला त्यांनी इतिहासाचा भरभक्कम पाया घातलेला आहे. ‘शोले’त मोजकेच शब्द बोलून मॅक मोहन यांचा सांभा पन्नास वर्षे लोकांच्या तोंडी राहिला, हा त्यांचा आवडता दाखला. अभिनेते जगदीश राज यांनी १४४ चित्रपटांत पोलिसाची भूमिका केली आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली, हे ते प्रथम अभिमानाने सांगतात आणि लगेच कडवट होतात, कारण जगदीश राज बहुतेक वेळा इन्स्पेक्टर असत, “त्यांच्यामागून जीपमधून उड्या मारणाऱ्या हवालदारांचे चित्रपट कोणी मोजले?” हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित राहतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत साहाय्यक अभिनेत्यासाठी स्वतंत्र पुरस्कार १९८४ च्या चित्रपटांपासून दिला जाऊ लागला, ही गोष्ट इतरांना प्रगतीची वाटते. त्यांना ती फसवणूक वाटते, कारण तो पुरस्कार नायकाचा भाऊ, बाप किंवा मित्र पळवतात आणि हवालदार तिथेही दारावर उभाच राहतो.

वृत्तपत्रीय समीक्षेशी त्यांचे वैर याच मुद्द्यावरून आहे. मराठी चित्रपट-परीक्षणाच्या अखेरीस ‘इतर कलाकारांची साथ योग्य’ असे एक वाक्य येते, ज्यात उरलेल्या पस्तीस माणसांचा अंत्यविधी उरकलेला असतो. हे ‘इतर’ कोण, अशी पृच्छा करणारी पत्रे ते निरनिराळ्या संपादकांना पाठवतात. एकदा उत्तर आले, त्यात पत्राबद्दल आभार मानून ‘आपल्यासारख्या इतर वाचकांचीही’ दखल घेण्याचे आश्वासन होते. ते उत्तर त्यांनी कपाटात जपून ठेवले आहे, पण कोणाला दाखवत नाहीत.

ज्या वेळी जग त्यांच्याशी सहमत होते, त्या वेळी त्यांची होणारी पंचाईत विशेष अभ्यसनीय आहे. २०२३ च्या डिसेंबरात ‘ॲनिमल’ प्रदर्शित झाला आणि उपेंद्र लिमये यांचा फ्रेडी थोडाच वेळ पडद्यावर येऊन साऱ्या प्रेक्षागृहाच्या शिट्ट्या घेऊन गेला. गृहसंकुलातील तरुण मंडळी मोठ्या उत्साहाने, “काका, यावेळी तुमचा हवालदार जिंकला!” असे सांगत आली, तेव्हा काकांनी थंडपणे चष्मा पुसला. लिमये यांना ‘जोगवा’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे, तेव्हा ते हवालदार नव्हेत, हवालदाराच्या जागेवर आलेले कमिशनर आहेत, असा निर्वाळा देऊन त्यांनी त्या प्रसंगात बंदुकीच्या खोक्याशेजारी उभ्या असलेल्या कोणा इसमाचे गुणवर्णन सुरू केले, ज्याला इतर कोणीही पाहिलेले नव्हते. छाया कदम यांच्या बाबतीत मात्र ही तटस्थता टिकली नाही. ‘फँड्री’तील आईपासून त्यांनी या अभिनेत्रीवर डोळा ठेवलेला असल्याने, २०२४ मध्ये ‘लापता लेडीज’मधल्या चहावाल्या मंजू माईने सर्वांना जिंकले आणि त्याच वर्षी छाया कदम यांचीच भूमिका असलेल्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला कान महोत्सवात ग्रां प्री मिळाले, तेव्हा पोरीला आपणच विमानात बसवून आलो, अशा थाटात ते आठवडाभर वावरत होते. पुढे एका पोस्टरवर या अभिनेत्रीचा चेहरा मोठा छापलेला पाहून, “चला, ही पण गेली,” असे ते पुटपुटल्याचे ऐकिवात आहे.

चित्रपट संपणे ही त्यांच्या दृष्टीने कार्यक्रमाची सुरुवात असते, कारण हवालदाराचे नाव श्रेयनामावलीत, म्हणजे अखेरीस वर सरकत जाणाऱ्या नावांच्या यादीत, आणि तेही अगदी शेवटी येते. दिवे लागतात, झाडूवाले पॉपकॉर्नचे डबे गोळा करू लागतात, दारापाशी “अहो, येताय ना?” अशी हाक दोनदा येऊन जाते, तरी ते मान वर करून उभे असतात. यादीत बहुधा ‘हवालदार १’ आणि ‘हवालदार २’ अशा नोंदी असतात. त्यांतला मिशीवाला कोणता आणि पान खाणारा कोणता, हा पाठभेदाचा गंभीर प्रश्न त्यातून उभा राहतो आणि घरी जाईपर्यंत त्याचा ऊहापोह होतो. मोबाइलवर आणि घरच्या दूरचित्रवाणीवर चित्रपट येऊ लागल्यापासून ही साधना अधिकच खडतर झाली आहे. नावे सुरू होताच ती आक्रसून एका कोपऱ्यात जातात आणि पुढचा कार्यक्रम काही सेकंदांत सुरू होण्याची धमकी पडद्यावर झळकते. तेव्हा हातात रिमोट घेऊन, नावे गिळू पाहणाऱ्या यंत्राशी झुंजणारे गृहस्थ पाहणे हा त्यांच्या नातवंडांना मूळ चित्रपटापेक्षा अधिक थरारक अनुभव वाटतो. हाती लागलेली नावे ते बँकेच्या जुन्या डायरीत, जमा बाजूला, लिहून ठेवतात.

त्यांच्या रसिकतेचा सर्वोच्च क्षण आणि तिचा संपूर्ण पराभव एकाच चित्रपटाने घडवला, ज्याचे नाव देण्याचे येथे प्रयोजन नाही. त्यातील बाजारपेठेच्या दृश्यात, नायक-नायिका भांडत असताना मागे उभा राहून जांभई देणारा एक हवालदार त्यांना इतका भावला की ते तो चित्रपट पुन्हा पाहून आले आणि ती जांभई त्यांनी सोसायटीच्या वार्षिक सभेत करूनही दाखवली. मात्र श्रेयनामावलीत हवालदार नव्हताच. अखेर दिग्दर्शकाचा चौथा साहाय्यक म्हणून त्या चित्रपटावर काम केलेला एक भाचा दिवाळीला घरी आला आणि त्याने उलगडा केला : तो गर्दी आवरण्यासाठी बंदोबस्तावर आलेला खराखुरा हवालदार होता आणि चुकून चौकटीत आला होता. घरात हास्यकल्लोळ झाला. गृहस्थ क्षणभर गप्प राहिले आणि मग विजयी स्वरात म्हणाले, “चैतन्य ताम्हाणेंनी ‘कोर्ट’साठी अभिनय न शिकलेली माणसं मुद्दाम शोधून काढली, आणि त्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुमच्या दिग्दर्शकाला असा माणूस फुकट मिळाला, आणि तुम्हाला त्याचं नावसुद्धा विचारता आलं नाही?”

भाच्याकडे याचे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर कोणाकडेच नसावे. हे गृहस्थ दहापैकी नऊ वेळा चुकतात. नजर चुकून कॅमेऱ्यात पाहणाऱ्याला ते धीट समजतात आणि वाक्य विसरलेल्याला अंतर्मुख. तथापि चित्रीकरणाच्या धंद्यात ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ म्हणवली जाणारी, पुरवठादारामार्फत पाळीवर बोलावली जाणारी आणि ‘पासिंग’ म्हणजे कॅमेऱ्यापुढून नुसते चालत जाण्याच्या एका कामासाठी दिवस-दिवस ताटकळणारी जी माणसे असतात, त्यांच्या वतीने रांगेत उभे राहणारे एक तरी गिऱ्हाईक या व्यवहारात असावा, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. त्यांनी स्वतः सारा जन्म जाळीमागे बसून नोटा मोजल्या आणि खिडकीपुढच्या हजारो माणसांनी त्यांचे फक्त हात पाहिले, त्यातून ही निष्ठा जन्मली असावी, अशी उपपत्ती त्यांच्या पत्नीने एकदा मांडली होती. गृहस्थांनी ती फेटाळली, पण त्या दिवशी ते जेवताना फारसे बोलले नाहीत.

पडद्याबाहेरही हा नियम ते पाळतात. लग्नात वधूवरांपेक्षा ते वाढप्याच्या हातोटीवर बोलतात, आणि सोसायटीच्या वॉचमनचे पूर्ण नाव, गाव आणि मुलीची इयत्ता ठाऊक असलेले ते एकमेव सभासद आहेत. त्याच वॉचमनला त्यांनी एकदा आपल्या सिद्धान्ताचा गाभा समजावून सांगितला, आणि पुढच्या वेळी हीरोकडे न पाहता हवालदाराकडे पाहा, असा आग्रह धरला. वॉचमनने रजिस्टर मिटले, टोपी सरळ केली, काही वेळ तो गेटकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “काका, मी रजा टाकून, पैसे देऊन हीरो बघायला जातो. गेटवर उभा राहणारा माणूस तर रोज आरशात दिसतो.”

इतका सरळ प्रतिवाद झाल्यावर एखाद्याने आपला सिद्धान्त मागे घेतला असता. गृहस्थ मात्र पत्नीकडे वळून हर्षभराने म्हणाले, “पाहिलंस? बोलण्याआधी थांबला किती!”