इसाराचा शिष्टाचार

सातपुड्यातील काठी या जुन्या मेवासी संस्थानच्या गावी, जेथे साग-बांबूचे कुडाचे घर भाऊबंदांच्या हातांनी उभे राहते आणि जेथील आदिवासी खातेदाराची जमीन महसूल संहितेच्या ३६-अ कलमामुळे सरकारी मंजुरीवाचून बिगर-आदिवासीच्या नावे चढत नाही, तेथे इसाराची घासाघीस ही नागरी विद्या रुजण्याचा फारसा संभव नाही. आणि या मागासलेपणाबद्दल शहरवासीयांनी अवश्य हळहळावे!

शहरात मात्र, सदनिका विकणाऱ्या बिल्डरच्या वातानुकूलित दालनात सरबताचा पेला हाती ठेवून ‘साहेब, आज टोकन दिलंत तरच हा दर’ असे नम्रपणे बजावले जाताच, मेथीच्या जुडीसाठी पाव तास हुज्जत घालणारा गृहस्थ लाखाचा धनादेश मुकाट्याने फाडतो, आणि पावतीच्या पाठीमागील बारीक अक्षरांतली ‘रक्कम परत मिळणार नाही’ ही अट घरी गेल्यावर, चष्मा पुसून, वाचतो.

वास्तविक १९६३ च्या मोफा कायद्याने नोंदणीकृत करारापूर्वी घ्यावयाच्या रकमेस २० टक्क्यांची, आणि २०१६ च्या रेरा कायद्याच्या १३व्या कलमाने १० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. परंतु कायद्याने घातलेली कमाल मर्यादा हीच रूढीने ठरलेली किमान रक्कम, असा अर्थ लावण्याचे पांडित्य आपल्या बांधकाम-व्यवसायाने केव्हाच संपादन केले.

तेव्हा दरासाठी भांडण्यापूर्वी इसारासाठी भांडावे: रक्कम, मुदत आणि कर्ज नामंजूर झाल्यास परतावा, या तिन्ही गोष्टी लेखी घेतल्यावाचून खिशातले पेन बाहेर काढू नये.